टप्पा

सदरच्या दुकानात हकीमुद्दीनभाईंनी
काउंटरवर लाल मखमल अंथरून
तीन दुर्बिणी मांडल्या, सोनार बांगड्या मांडतो तशा.
"बारापटीची घेऊ नका," म्हणाले,
"तिच्यात स्वतःच्या छातीचा ठोका दिसतो.
जनावर उभं असतं, हलता तुम्ही."
मी आठ बाय बेचाळीसची उचलली.
दिवेलागणीला बुबुळात मावेल
तेवढा उजेड तिच्यातून येत होता.

नाइट व्हिजन स्वस्त, पण तिला स्वतःचा दिवा लागतो.
थर्मलला काहीच लागत नाही, ती ऊब पाहते.
किंमत ऐकून मी आधी पाणी मागितलं,
मग चेक लिहिला, पुढच्या तारखेचा.

रेंजफाइंडर घेताना दुकानाच्या दारातून
समोरच्या बँकेची पाटी मोजली : एकशे बारा.
मध्ये एक सायकलवाला आला.
भाईंनी काही न बोलता
माझं मनगट खाली केलं.

गावात सोमाजी नैताम जागलीला.
एकशे बारा म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही.
त्याचं पहिलं अंतर थुंकीचं,
दुसरं गोफणीचं, तिसरं हाकेचं,
त्यापुढे लोकांचं वावर.
मोहाच्या बुंध्यावर लेसर टाकला : चौऱ्याण्णव.
पुन्हा टाकला : एकतीस.
मधल्या गवताच्या तुऱ्याला आपटून परत आला होता.
"पाह्य," सोमाजी हसला,
"तुह्या मशीनले आडवं येईन थेच जनावर."

कार्तिकातली रात्र. हलकं धान कापून पुंजण्यात,
जड धान अजून बांध्यांत उभं.
खिशात परवानगीचा कागद : रानडुक्कर, गट नंबर, तारीख.
रोह्याचं नाव त्यात नाही.
मचाणावर आम्ही दोघं, एक घोंगडं.

थर्मल डोळ्याला लावली
आणि रान आतून पेटल्यासारखं दिसलं.
दिवसभर तापलेला धुऱ्यावरचा धोंडा
अजून पांढरा.
बंद मोटरपंपाच्या अंगात थोडा ताप.
ससा, मग घुबड, मग ससा नाही.

दोन वाजता ती आली. सात.
मादी पुढे, मागे पिल्लं, तांदळाच्या दाण्यांएवढी.
अठ्ठ्याऐंशी मीटर. वारा तोंडावर.
मादीच्या खांद्यामागे जागा मोकळी,
आणि त्या मोकळ्या जागेमागे पुंजणं.

पुंजण्याच्या आडोशाला एक ऊब होती.
ती दोन झाली.
पुन्हा एक.

मी बोट बाहेर काढलं.
"काहून थांबला?"
"मागं कोणी हाये."
"कोन?"
थर्मलमध्ये चेहरा नसतो.
पण दोघांतलं एक उठून पाच पावलं चाललं,
उजवा खांदा किंचित झुकवत,
आणि तोच झुकता खांदा
माझ्या घोंगड्यात, माझ्या खांद्याला टेकून बसलेला,
साठ वर्षांचा.

"दे, मी पाह्यतो."
"बॅटरी गेली, मामा."

डुकरांनी अर्धी बांधी खाल्ली.
कचकच ऐकत आम्ही बसलो.
त्याने एकदाही हाळी दिली नाही,
मीही त्याला दे म्हणालो नाही.

झुंजुमुंजू झालं तसा सोमाजी उतरला.
चिखलातल्या खुरांवरून बोट फिरवत म्हणाला,
"सात. मादी जड हाये. नाल्याकडून आल्या."
मग पुंजण्यामागे गेला.
तिथे बराच वेळ वाकून उभा.
मी आठपटीची दुर्बीण उचलली होती,
तशीच खाली ठेवली.

तो परतला तेव्हा हातात तणसाची पेंढी,
ओल्या मातीवर फिरवून फिरवून काळी झालेली.
ती त्याने शेकोटीत टाकली,
हात झटकले,
चिलीम काढली, भरली नाही.

"बॅटरी," म्हणाला, "रातच्या रात भरत जाय."