हाताचा अंदाज

वच्छलाबाई कासारणीची इंडिका
ट्रॅक्टरला दोर बांधून आली मानोऱ्याच्या फाट्यावर.
डिकीत बांगड्यांचे चौदा खोके,
स्टिअरिंगमागे तिचं न बोललेलं तोंड.

रविवारी रात्री मीच बदलला होता टायमिंगचा पट्टा.
मंगळवारी दिग्रसहून येताना
चढावर गाडी खोकलली अन् गप झाली.

"पट्टा टाकल्यापासून खोके वाजून रायले होते भाऊ.
आधी उभ्या गाडीत बांगड्या चूप रायत.
आता कुठं थांबली का किणकिण, किणकिण."
सोमवारी फोनवर हेच म्हणाली होती.
नवा पट्टा आहे, बसेल हळूहळू, असं मी सांगितलं.
पट्टा असा हळूहळू बसत नसतो.
मला माहीत होतं.

आता चावी फिरवली तर इंजिन फिरतं,
फार सोपं फिरतं,
दोराला बादलीच नसलेल्या रहाटासारखं.
लोकेश म्हणाला, डिझेल येत नसंल.
त्यानं नळी सोडली,
डिझेल त्याच्या चपलेवर आलं.
हीटर प्लग लाल. बॅटरी धडधाकट.
मी एकेक गोष्ट तपासत गेलो
जिला माझा हात लागलेला नव्हता.
असा तास गेला. चहा आला, थंड झाला.

मग कव्हर उघडलं.
पट्टा अख्खा.
पाठीवरची पांढरी अक्षरंसुद्धा पुसली नव्हती.
क्षणभर बरं वाटलं.
खालच्या पुलीची खूण खुणेला आणली,
वर पाहिलं:
वरची खूण तीन दात सरकलेली.
टेन्शनर बोटानं दाबला.
हलला.

त्याचा बोल्ट मी मनगटाच्या भरवशावर आवळला होता.
लाइट गेलेली, तोंडात मोबाइल,
अंगात वीस वर्षांचा माज.
टॉर्क पाना होता की.
कपाटात, रेक्झिनमध्ये गुंडाळलेला.

गेज लावलं.
एक नंबरला काटा चढला, पण पुरता नाही.
दोनला शून्य.
तीनला शून्य.
चौथ्याचं मी लोकेशलाच बघायला सांगितलं.

हेड उतरेपर्यंत ऊन पत्र्याखाली आलं.
व्हॉल्व हातात घेतला, डोळ्यांना सरळच दिसत होता.
सपाट काच पाहिजे होती.
तिनं न विचारता
बांगड्यांच्या पेटीचं झाकण काढून पुढं केलं.
त्यावर व्हॉल्व लोळवला.
लंगडत गेला.
दांडीखालून उजेडाची फट
उघडे, मिटे, उघडे.

"चूक माझी," मी म्हणालो.
लोकेश एकच पाना पुसत राहिला.

तिनं माझा हात मागितला. तेलकट, तसाच.
नवरीचा दाबतात तसा दाबला,
अंगठा आत वळवून.
"दोन-बारा," म्हणाली. "टेप कधीच लावत नाई मी.
तरी महिन्यातून एखादी वाढतेच."
(फुटली, असं ती म्हणत नाही.
कासाराघरी तो शब्द तोंडात घेत नाहीत.)
"वाढली त गिऱ्हाइकाच्या हिशोबात धरत नाई.
हात माह्या, बांगडी माही."

एवढंच.
काच फडक्यानं पुसली, पेटीवर बसवली,
दोन खोके मांडीवर घेऊन एसटीनं शेलूबाजारला गेली.
बाजार काही गाडीसाठी थांबत नाही.

भिंतीवर कोळशानं मी हिशोब मांडला:
आठ व्हॉल्व, गॅस्केट, टेन्शनर,
हेडची घासाई अकोल्याला.
खाली नाव कोणाचं लिहायचं ते ठरलेलं होतं.
लोकेश फोनवर पार्टवाल्याला सांगत होता,
"इंडिका वाढली, काका."
हसलो नाही. पण बरं वाटलं.

रात्री कपाट उघडलं.
रेक्झिन पान्याला चिकटून बसलं होतं, सोलावं लागलं.
बाकावर एक जुनं हेड, त्यात एक बोल्ट.
आधी माझ्या अंदाजानं आवळला,
मग पाना लावला.

मनगट म्हणालं, पुरे.
पान्यानं आणखी पाव फेरा मागितला.