भाडं: मडगाव ते बांबोळी

पुढचा मडगार्ड पिवळा, बाकी सगळी काळी
अशा माझ्या गाडीची मागची सीट
त्या मे महिन्यात रिकामीच फिरली.
स्टँडवर मी, मिंगेल आणि एक कुत्रं.
"पायलट" म्हणून हाक मारायला
गावात कुणी उरलं नव्हतं.

मग एक भाडं मिळालं.
तीस मिलिलिटर.

सुलक्षा मडगावच्या वॉर्डात, पॉझिटिव्ह.
मुलगी पस्तिसाव्या आठवड्यातच आली,
शेवटची बस चुकेल म्हणून धावत यावं तशी,
आणि तिला थेट बांबोळीला नेलं.
तिसऱ्या दिवशी फोन: बाळाचा रिपोर्टही तोच.
मी विचारलं, कसा?
जी बाजारात गेली नाही, कुणाच्या लग्नात जेवली नाही,
जिने अजून माणसाचं अख्खं तोंड पाहिलं नाही,
तिला कुणाचा लागला?
डॉक्टर म्हणाला, नक्की सांगता येत नाही.
तो खरं बोलत होता.
त्याचाच मला अजून राग येतो.

दूध मात्र आणा, म्हणाला. दुधाला भिऊ नका.

भावाचा मासळीचा डबा घेतला, बर्फ धरणारा दुसरा नव्हता.
लिंबाने घासला, उकळत्या पाण्याने धुतला, उन्हात ठेवला,
तरी मला वास यायचा.
ओलिंडा सिस्टर म्हणाली, मला नाही येत.
त्या महिन्यात ज्याला वास येत होता
तो नशीबवान.

कुठ्ठाळीला, पुलाच्या तोंडावर, पोलीस.
काय आहे?
दूध.
गाईचं?
बायकोचं.
झाकणाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला,
चपला घालून देवळात शिरल्यासारखा.
दुसऱ्या दिवसापासून तो लांबूनच जा म्हणायचा
आणि मी हॉर्न द्यायचो, कर्फ्यूतसुद्धा.

झुवारीवर शेजारी नवा पूल होत होता.
दोन्ही काठांवरून निघालेला,
मध्ये पोहोचायचा राहिलेला.
मी त्याच्याकडे बघत नसे. समोर बघून चालवायचो.

सहाव्या रात्री आईचा फोन.
सटी येईल आज, कोरा कागद ठेवलास? लेखणी?
मी तेव्हा खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर.
व्हरांड्यातून सिलिंडरच्या ट्रॉल्या जात होत्या, लादीवर लोखंड,
एखादी मध्येच थांबली की
आमच्या ओळीतली सगळी माणसं मान वर करायची.
पहाटे सिस्टरने फोटो पाठवला.
ज्या मार्करने तिच्या किटच्या पाठीवर तिचं नाव लिहिलेलं,
आत कोण आहे ते कळावं म्हणून,
त्याच मार्करने पेटीवरच्या चिकटपट्टीवर:
बेबी ऑफ सुलक्षा.
२.१० वाजता. ३० मि.ली. सगळं घेतलं.

आईला सांगितलं, हो. आली होती.
काय लिहिलं?
चांगलं लिहिलंय, म्हटलं.

सतराव्या दिवशी दोघींचे रिपोर्ट हातात.
मिंगेलच्या मेव्हण्याच्या व्हॅनमधून सुलक्षा आली,
उतरली, आणि दारातच उभी राहिली,
आपलं मूल मागायला आपलाच आधार क्रमांक सांगत.
मग तिने मुलीच्या टाळूवर नाक टेकवलं.
बराच वेळ.
मागे लोक खोळंबले. वॉचमन काही बोलला नाही.
वर बघून म्हणाली, मला काहीच येत नाही रे.
तू सांग. कसा येतो?

मी मास्क खाली ओढला, वाकलो.
वीस वर्षं लोकांना वाटा सांगतोय,
चर्चकडून डावीकडे, वडाकडून सरळ,
आणि हे मला सांगता येईना.

मासळीचा, म्हटलं.

तिने मला मारलं. एका हाताने,
दुसरा मोकळा नव्हता.