टीप

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
पासपोर्टच्या मधोमध पडणारी शिवण
डोळ्यांत तेल घालून पाहिली.
एक टाका निसटला की पुस्तिका बाद.
सुटताना गेटवर झडती,
डबा उघडा, छत्री उघडा, चपला झटका.
साडीला चिकटून आलेला दोऱ्याचा तुकडासुद्धा
खैरनारबाई चिमटीत धरून काढून घ्यायची.
आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

आता झडती नाही,
तर पर्सचा उकिरडा केलायस, असं ओजस म्हणतो.
काय काय निघतं त्यातून:
दिंडोरीच्या द्राक्षपेटीतला पांढरा कागद,
सिन्नरच्या स्टँडवरचा चहाचा कप, चपटा केलेला,
येवल्यात मागाखाली पडलेली जर.
दत्तू भांडगे म्हणाला, न्या, झाडूनच टाकायची आहे.

वही जेल रोडच्या रद्दीतली.
कुणाचीशी कोरी खतावणी, लाल पुठ्ठ्याची,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
मैद्याची खळ शिजवते, चिमूटभर मोरचूद घालून,
वाळवी मग वाचत बसत नाही.
लासलगावला जमेच्या रकान्यात
कांद्याच्या गोणीची लाल जाळी चिकटवली
आणि तिच्यावर संध्याकाळ उतरली, मी न उतरवताच.

एसटीचं तिकीट यंत्रातलं, अर्धं,
सहा महिन्यांत पांढरंफटक होतं.
म्हणून अक्षरं पुसायच्या आत
त्यांच्यावरून धावदोरा घालते.
निफाड. एक महिला. बारीक सुईनं.
रुपयांपाशी दोरा संपला,
किती पडले ते आता कुणाला कळायचं नाही.

कापडाची उलट बाजू आत जाते,
गाठी, चुका, उसवलेलं, सगळं पोटात.
वहीला पोट नसतं.
इकडे टोचलं की तिकडे भोक.
लासलगावचं पान उलटलं
तर पाठीमागे नुसते आडवेतिडवे टाके.
आठ दिवस ते पान तसंच ठेवलं.
मग नांदूरमध्यमेश्वरला जाऊन आले
आणि टाक्यांना फक्त पाय काढले,
पाण्यात उभे राहिले सगळे.

नदी मात्र तोडलेली नाही.
त्र्यंबकच्या पानावर निळ्या लडीतली एकच तार,
गंगापूरच्या धरणाशी तीन,
रामकुंडाशी सहाच्या सहा, वर हळदीचा डाग.
दोरा पानातून पानात जातो, तसाच पुढे.
वही आता मिटत नाही,
वर पोळपाट ठेवते.

ओजसनं कॅनडाला बोलावलं म्हणून
माझाही पासपोर्ट आला, टपालानं.
चष्मा लावला, मधोमध उघडला,
टाके मोजले. बरोबर होते.
वास तोच.
बाकी सगळी पानं कोरी, किती गुळगुळीत,
हात लावायची छाती झाली नाही.
कपाटात ठेवला आणि लिफाफा वहीत शिवला.
कधी येतेस, त्यानं विचारलं.
म्हटलं, सुरगाणा राहिलाय.

परवा जुन्या सीबीएसवर खैरनारबाई भेटली.
काठी आली होती हातात.
पेठच्या गाडीला वेळ होता, मी वही काढून दिली.
तिनं मांडीवर घेतली,
एकेक पान बोटांनी चाचपत गेली,
खिशात हात घालावा तशी
चिकटवलेल्या कागदांच्या खाली.
काही बोलली नाही.

रामकुंडाच्या पानाशी थांबली.
एक निळी तार सुटून लोंबत होती.
चिमटीत धरली, ओढली,
माझ्याकडे पाहिलं.

छापखान्यातली नाही हो ही, मी म्हणाले,
भद्रकालीत घेतली, दहा रुपयांना लड.

माहितीये, ती म्हणाली,
आणि तार पदराच्या टोकाला बांधून
गाडीकडे निघाली.

तिथे आता एक भोक आहे.
पलीकडे काय करायचं, बघते.