धनकोंची सभा

दर शुक्रवारी पगार हातात पडायच्या आधीच
चौथा हिस्सा कापून गेलेला असायचा,
गुडघ्याच्या ऑपरेशनचा.
गुडघा अजून दुखतो, तो भाग वेगळा.

अ‍ॅक्रनच्या वृद्धाश्रमात परक्यांच्या चादरी धुते
वर्नेटा पाल्को.
निकाल लागला तेव्हा ती कोर्टात नव्हतीच;
डबल शिफ्ट होती.

मग वकिलाने दिवाळखोरीचा अर्ज टाकला
आणि पुढच्या पगाराला कात्री थांबली.
पार्किंगमध्ये, गाडी बंद करून,
आकडा तिने तीनदा वाचला.

सभा होती धनकोंची.
एकही धनको फिरकला नाही.
टाय सैल केलेला एक माणूस विचारत गेला:
घर? भाड्याचं.
दागिने? अंगठी होती, विकली.
कुणाच्या पश्चात काही मिळणार आहे?
ती हसली. आमच्यात मरणारे बिलं ठेवून जातात.

यादीत सगळे लिहायचे, वकिलाने बजावलं होतं. सगळे.
म्हणून इस्पितळाखाली, दोन कार्डांखाली
तिने लिहिलं:
इर्मा सोल्टिस, शेजारीण, सहाशे डॉलर, उसने.
हे लिहिताना पेन थोडं अडलं.

एप्रिलात आदेश आला.
शिक्षणाचं कर्ज तेवढं राहिलं,
ते बहुधा तिच्या तेराव्यालाही जेवायला येईल.
बाकी पाटी कोरी.
इर्मालाही तसं पत्र गेलं;
तिने ते फ्रिजवर चिकटवलं, अंडी-दुधाच्या यादीखाली.

शुक्रवारी वर्नेटा तिचं दार वाजवते,
विसाची नोट पुढे करते.
अगं, कोर्टाने सोडलंय ना तुला, इर्मा म्हणते.

हो, कोर्टाने.