एकशे अठरा पानं

बेरिलनं दिलेली कादंबरी संपली.
एकशे अठरा पानं, तीही ठसठशीत टायपात.
हल ते बेव्हर्ली, जाता-येता बसमध्ये चार दिवस,
आणि शेवटची थोडी
कुकरच्या शिट्ट्या मोजत, ओट्यापाशी उभ्यानं.
उद्या चहाच्या वेळी ती विचारणार, कशी वाटली?

आम्ही दोघी पाणी तपासतो.
ती पस्तीस वर्षं, मी एकोणीस.
बाटल्या, लेबलं, बोटांना क्लोरीनचा वास,
खिडकीबाहेर हंबर नदी, उकळून उकळून गेलेल्या चहासारखी.
"यात पाणी आहे," एवढंच म्हणाली होती पुस्तक देताना.

आहे खरं.
दोन ताऱ्यांच्या मधे कुठंतरी एक जहाज,
त्यावरची तिसरी पिढी.
टाकी एकच. माणूस गेला की त्याचं पाणी टाकीत,
वहीत नोंद: नाव, तारीख, बेचाळीस लिटर.
ही वही लिहिणारा तो आपला नायक.
पहिल्या घोटाला त्याला कळतं म्हणे
आज टाकीत नवं कोण आलंय.
थापा. जिभेला क्षार कळतात, माणसं नाहीत.

सगळे एकाच आवाजात बोलतात,
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे.
बाई एकच, स्वयंपाकीण. तिला अकरा वाक्यं. मोजली मी.
त्यातली चार, जेवण झालंय, या.
कॅप्टनचं भाषण पाच पानं चालतं.
तिथं माझा स्टॉप चुकला,
रंगून नव्हे, डुलकी लागून.

तर हिशोबात पाणी कमी भरतं. रोज थोडं.
झडत्या होतात, भांडणं होतात, एकाला उगाच मारतात.
आणि सत्त्याण्णव पानावर कळतं, चोर हाच, वहीवाला.
बायको बसायची त्या गोल खिडकीशी
हा रोज रात्री एक पेला भरून ठेवतो.
सकाळी बोटभर आटलेला असतो.
हा पुन्हा काठोकाठ भरतो.
बस. तेवढीच तूट.

अहो, पण जहाज बंद आहे!
वाफ हवेत, हवा यंत्रात,
यंत्रातून थेंब थेंब परत टाकीत.
कौन्सिल टॅक्सच्या पाकिटावर मांडून पाहिलं मी.
तूट शून्य.
नववीतल्या पोरानं सांगितलं असतं.

पुढं एकवीस पानं खटला, माफी, लांबून दिसलेला तारा.
नसती तरी चाललं असतं.

मग पुस्तक मिटताना दिव्याखाली दिसलं,
सत्त्याण्णव पानाच्या समासात पेन्सिलीचा खळगा.
वजाबाकी. खाली शून्य.
बेरिलचाच सात, मधे आडवी रेघ असलेला.
मांडलेलं सगळं नीट खोडरबरानं पुसलेलं,
कागद तिथं जरा मऊ झालेला.

पस्तीस वर्षं पाणी मोजणारी बाई.
तिला चूक दिसली होती.
तिनं ती राहू दिली.

बेरिलच्या घरी कोण होतं, कोण नाही,
मी कधी विचारलं नाही. इथं विचारत नाहीत.
तिनंही मला मुकुंदबद्दल एकदाच विचारलं,
तेही हवापाण्याच्या सुरात.

रात्री उशिरा स्वयंपाकघरात गेले.
जानेवारी. खिडक्या कधीच्या बंद.
काचेवर आतून पाणी जमलं होतं,
वरून एक थेंब वाकडातिकडा खाली येत होता,
वाटेत दुसऱ्याला घेऊन.
फडकं हातात होतं.
रोज पुसते मी, नाहीतर चौकटीला बुरशी धरते.

उद्या म्हणेन, बरी आहे.
आमच्याकडे कादंबरीला म्हणतात, दुखण्यातून उठलेल्यालाही.
तिला इंग्रजीत सांगेन, वाईट नाही.
या गावात ती शाबासकी असते.
गणिताचं काढणार नाही.
स्वयंपाकिणीचं मात्र काढणार. अकरा वाक्यं म्हणजे काय!