पाचवा छर्रा

लेंगऱ्याच्या माळाला, करंजाखाली
अकरा वर्षं उभा होता आमचा दोनशे पंचाहत्तर.
मी तिकडं सेलमला, गलाईच्या दुकानात.
दोघांनाही कुणी हलवलं नाही.

टेंभूचं पाणी ओढ्यापर्यंत आलं म्हणून आलो.
इंजिन तिसऱ्या हिसक्याला बोललं,
काळं खोकलं, मग पांढरं.
पण चाकं हलेनात.
क्लच सोडला की तोंड वर उचलायचा,
दावं तोडू बघणाऱ्या खोंडासारखा,
आणि बंद पडायचा.

विट्याहून, मायणी रोडवरनं, दस्तगीर शिकलगार आला
एम-एटीच्या मागं पान्यांची पेटी बांधून.
वाकून बघितलं, म्हणाला,
"ब्रेक धरलेत. दोन्हीकडचे.
उभा करताना कुणीतरी पेडल दाबून कडी घातलेली."

कुणीतरी म्हणजे मीच.
उतार होता, घसरू नये म्हणून.
दगड लावला असता तरी चाललं असतं,
पण त्या रात्री एसटी धरायची होती.

उजवा डबा उघडला तर आत
कुंभारीण माशीचं घर, रिकामं,
आणि गंजाची पूड,
तिखटाच्या डंकावर उडते तशी.
दोन थाळ्या, तोंडाला तोंड लावून,
मध्ये उतरत्या खोबणीत छर्रे.
पेडल दाबलं की छर्रे चढण चढतात,
थाळ्या फाकतात, चाक थांबतं.
पाय काढला की छर्रे परत उताराला.
एवढंच.
आमचे अकरा वर्षं चढणीवरच बसलेले.

माझी पोर कार्तिका, जन्मलीच सेलमला,
रॉकेलच्या ताटात छर्रे मोजत होती:
ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु...
"अंजु?" तिनं विचारलं.
आई चुलीपासनं ओरडली, "कोण अंजू? कुणाची?"
दस्तगीर हसला, हातोडी खाली ठेवली,
पुन्हा उचलली.

पाचवा वरच्या थाळीत रुतलेला.
वीस ठोके. तीस. कडेची एक कपची उडाली.
"फुटली तर ही आता मिळत नाही.
कोल्हापूरला भंगारात बघावी लागंल."

थांब म्हणालो.
बॅगेत कपड्यांखाली माझी गॅसची बत्ती होती,
का आणली होती कोण जाणे.
अकरा वर्षं दुसऱ्यांचं सोनं वितळवलेला माणूस मी.
तेजाबानं पिवळी पडलेली माझी नखं
दस्तगीरनं तेव्हा नीट बघितली.

थाळीची एक कड पॉलिश पेपरनं घासली,
रंग दिसावा म्हणून.
ज्योत थाळीवर, छर्ऱ्यावर नाही,
गोल गोल, कुठंच न थांबता.
आधी तेल धुरलं.
मग घासल्या कडेला कडब्याचा रंग आला, फिकट.
याच्या पुढं वांग्याचा येतो,
तिथवर जायचं नाही.
सोन्याची वाट पाणी होईपर्यंत बघायची,
लोखंडाची अंग सैल होईपर्यंत.

"आता."
त्यानं मारलं नाही,
हातोडीचा दांडा नुसता टेकवल्यासारखा केला.
टक्.
अंजु ताटात पडला, उडाला,
गडगडत कोंबडीच्या पायाशी.
तिनं एक चोच मारली
आणि लांब जाऊन उभी राहिली.

डावी बाजू दुसऱ्या दिवशी.
ती सोपी गेली, तिचं सांगण्यासारखं काही नाही.

शाळेच्या उताराला सोडून बघितला.
ब्रेक मारला तर उजवीकडं ओढला,
तोंड घाणेरीच्या कुंपणात.
दस्तगीरनं उजवा दांडा अर्धा फेरा सैल केला.
परत सोडला. सरळ थांबला.
मला मात्र दुसरंच बघायचं होतं:
पाय काढला
आणि पेडल आपसूक वर आलं.
चारदा केलं, पाचदा केलं.
"अप्पा, पोदुम," कार्तिका म्हणाली. पुरे.

दस्तगीरनं मजुरी सांगितली,
मग दोनशे कमी केले.
"आग तुझी होती."

रात्री करंजाखाली लावला.
कडी घातली नाही.
मागच्या चाकाला दगड दिला, हाताला लागला तो.
सकाळी आई
धुण्याचा दगड शोधत होती.