श्वास रोखा

दिवसभर मी अनोळखी माणसांना सांगते :
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
ती ऐकतात.
मणके, मोडलेलं मनगट, पोराने गिळलेलं दोन रुपयांचं नाणं,
यंत्रमागावरच्या माणसाच्या छातीत
कापसासारखं साचलेलं धुकं,
सगळं मला दिसतं. कशाला बघतेस, कुणी विचारत नाही.
मी भिंतीआड उभी असते
शिशाचा ॲप्रन घालून, आणि कळ दाबते.

साडेपाचला ॲप्रन खुंटीला.
कॅमेरा गळ्यात अडकवून कन्ना चौकात उतरले
की श्वास माझाच अडकतो.

साखर पेठेतल्या अंकममामांनी स्टुडिओ बंद केला
तेव्हा घेतलेला हा कॅमेरा.
पट्ट्याला अजून त्यांच्या मानेचा घाम.
म्हणाले होते, ओढणीखाली लपवू नको,
लपवलास की चोर दिसतेस.
मी लपवला.

पहिले चार महिने मी फक्त पाठी काढल्या.
पाठी, टाचा,
सायकलच्या कॅरिअरला बांधलेले चादरींचे गठ्ठे,
तलावाच्या कट्ट्यावर बसलेल्या दोघांच्या
नुसत्या चपला.
माणूस वळला की मी कॅमेरा वर करून आकाश काढायचे.
माझ्याकडे सोलापूरचं पुष्कळ आकाश आहे,
एप्रिलचं, भाजलेलं,
ढगाचा ठिपका नसलेलं,
कुणाच्या काही कामाचं नाही.

एकदा एक पोरगं ओरडलं,
'काय काढायलीस बे, वर काय हाय?'
आणि खरंच, काय होतं?

मग अशोक चौकापलीकडे, विडी कारखान्याच्या दारात
बालमणीने मला पकडलं.
सुपात जुड्या, करंगळीला दोऱ्याचा काप,
आधी तेलुगूत : 'एंदुकम्मा?'
मग माझ्यासाठी मराठीत :
'काल पण तूच होतीस. पाठ काढून गेलीस.
तोंडाला काय झालंय माझ्या?'

भिंत नव्हती मागे जायला.
मी म्हणाले, भीती वाटते.
'कुणाची, माझी?'
ती इतकी हसली की रांगेतल्या चौघी वळल्या.
मग मला विसरूनच गेली,
कारण चेकरने तिच्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या होत्या
आणि त्याचा हिशेब अजून व्हायचा होता.

दोन हातांवरून काढला मी तो.
शिवी अर्धी तोंडात, अर्धी हवेत,
पाच बोटं फाकलेली, सूप तिरकं,
चेकरची नजर जमिनीवर.
हात हललाय, सगळंच हललंय.
हललेला एक्स-रे मी रोज बाद करते.
हा ठेवलाय.

आता जमतं, असं नाही.
आता कॅमेरा ओढणीवर असतो, एवढंच.
कुणी बघितलं तर मीही बघते.
कुणी 'नको' म्हणालं तर तिथेच पुसते, त्याच्यासमोर.
मंगळवार पेठेत एक शेंगदाणेवाला
मला बघून मुद्दाम हसणं थांबवतो,
म्हणजे फोटो चांगला येईल म्हणे.
त्याचा एकही चांगला आलेला नाही.

परवा सात रस्त्याला एक माणूस दिसला.
आमच्याच दवाखान्याचं पिवळं पाकीट काखेत,
दोन्ही हातांनी फिल्म उन्हात धरलेली.
मागे तेच बिनढगाचं आकाश
आणि छोट्याशा बरगड्यांची सावली
त्याच्या कपाळावर, गालावर, ओठांवर.
रिक्षा हॉर्न देत होत्या, तो हलत नव्हता.

हात अजिबात थरथरला नाही माझा.
उजेड असा परत मिळणार नव्हता, तेही कळत होतं.
आणि त्या फिल्ममध्ये काय आहे
ते मला सकाळपासून माहीत होतं.

कॅमेरा खाली घेतला.
त्याने विचारलं, 'ताई, तुम्हाला कळतं का यातलं?'
डॉक्टर सांगतील, मी म्हणाले,
रोज म्हणते तसंच,
पण या वेळी भिंतीआडून नाही.
तो तसाच उभा राहिला, छाती भरून.
सकाळी त्याच्या पोरीला
'सोडा' म्हणायचं मी विसरले नव्हते ना,
आठवत राहिले
घरी पोचेपर्यंत.